शेवटचे दोन शब्द

"शेवटचे दोन शब्द दुसऱ्याच हाताचे आहेत," असं मी चहा संपायच्या आधीच सांगून मोकळा झालो. मोडीचा वर्ग करून जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळं ज्ञान उतू जात होतं.

समोर खुलताबादकडचे दोन भाऊ बसले होते. पोळ्याला गावात पहिली बैलजोडी थोरल्या घराची, असं सांगणारा एक जुना मोडी कागद त्यांच्याकडं होता. थोरल्यानं तो जपलेला. धाकट्याला तो बनावट वाटत होता.

मी भिंग फिरवलं. मजकूर बारीक, कललेला. तळाचे शब्द मात्र जाड, घाईतले.

"दादा, आता बोला," धाकटा म्हणाला.

दादांनी कागद उचलला. कागदाची घडी काही त्यांना नीट जमेना.

त्या पोळ्याला दादांचे बैल गोठ्यातच राहिले, असं कानावर आलं.

महिनाभरानं दुसऱ्या एका घरचे कागद मांडून अक्षरं ताडत बसलो होतो. प्रत्येकाच्या तळाशी तेच. वेगळं, जाड अक्षर. वर्गातल्या एकाला फोन लावला. मजकूर कारकून लिहायचा आणि शेवटचे शब्द अधिकारी आपल्या हातानं घालायचा. दोन हात हा दोष नव्हता, रीतच होती. वर्गात हे शिकवलंही होतं म्हणे. त्या दिवशी मी साडूच्या घरी वास्तुशांतीला जेवत होतो.

खुलताबादला गेलो. दोघा भावांना समोर बसवून चूक कबूल केली.

धाकटा शांतपणे म्हणाला, "सर, तवा बी तुम्हीच सांगितलं व्हतं. आता खरं कोणतं धरायचं?"

मी पिशवी उचलून निघालो. दादा स्टँडपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "पोळा वर्षातून एकदा येतो, सर. गावातली माणसं रोज भेटतेत."

गारखेड्याला घरी पोचलो तर बायको मटार सोलत होती. तिला सगळं सांगितलं, अगदी वास्तुशांतीच्या जेवणासकट. तिनं हातातली शेंग संपवली.

"सोसायटीचे सगळे अर्ज मी लिहिते," ती म्हणाली, "आणि खाली सही तुम्ही ठोकता. इतक्या वर्षांत दोन हात कधी दिसले नाहीत व्हय तुम्हाला?"