सुताएवढी कमी

सकाळी सिंगापूरच्या घरात सुनेत्रा पोह्यांना फोडणी देत होती, पद्माकर खिडकीशी बसून गोळ्यांची डबी उघडत होते, आणि नात जाई एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होती. तेवढ्यात दार वाजलं.

"आजी, कोणीतरी अंकल आहे लाह!" जाई इथल्या पोरांच्या सुरात ओरडली आणि एकाच मोज्यावर पळाली.

दारात निशिकांत. देवगडकडचा, पद्माकरांच्याच गावचा. हार्बरफ्रंटला एका बोटीच्या कंपनीत कामाला. कालच गावाहून आलेला. त्यानं चहासुद्धा घेतला नाही, खिशातून एक जुनं पाकीट काढलं.

"गोपीकाकांच्या कपाटात सापडलं. काकूंनी तुमच्या हातात द्यायला सांगितलं."

गोपीनाथ पद्माकरांचा थोरला भाऊ. दीड महिन्यापूर्वी गेला. पद्माकरांचं हृदय अशक्त, डॉक्टरांनी विमानाला मनाई केलेली, त्यामुळे शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. आणि पाहता आलं असतं तरी, सुनेत्रा मनात म्हणाली, दोघं बोलले असते का? सहा वर्षं अबोला होता.

कारण काय, तर आजोबांची ठासणीची बंदूक. आंब्याच्या कलमांत रानडुकरं शिरत म्हणून तिचा परवाना होता. शिशाची गोळी घरीच ओतायची, तिचा साचा झिजला. पद्माकर तेव्हा बोटीवर चीफ इंजिनियर. दादानं नव्या साच्यासाठी फोन केला, "पदू, नळी पाच सूत आसा. गोळी सुताएवढी कमी ठेव, भोवती चिंधी बसाक व्हयी."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाचातून एक गेलं, चार उरले. पद्माकरांनी बोटीवरच्या लेथवर बरोबर अर्ध्या इंचाचा साचा केला आणि सुट्टीत नेऊन दिला. दसऱ्याला देवळासमोर बंदुकीची पूजा झाली. दादानं गोळी ठासली, बार काढायच्या आधीच नळी जरा खाली झुकली, आणि गोळी टपकन त्याच्याच पायाशी पडली.

"गोपीभाऊंची बंदूक ओकली रे!" कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून ओकाऱ्या गोपी हेच नाव पडलं. पोरंसुद्धा म्हणत. दादा म्हणे, साचा चुकला. पद्माकर म्हणत, माप चुकलं. दोघांचं लहानपणापासूनच सूत कमी जुळायचं. मग तेही तुटलं.

पद्माकरांनी पाकीट उघडलं. आत पुठ्ठ्याचा तुकडा, त्याला गुंडाळलेला शिवणाचा पांढरा दोरा. पुठ्ठ्यावर दादाचं वाकडं अक्षर: *पदू, मी ह्या सुताबद्दल बोललो होतो. एवढंच कमी.*

लिहून ठेवलेलं, पाठवलेलं नाही. तोही कोकणातलाच, आधी वाकणार कसा.

सुनेत्रानं गॅस बंद केला. दोरा पद्माकरांच्या चिमटीत होता. ते तो उजेडात धरून बघत राहिले, जसा कधीकाळी मायक्रोमीटर धरत.

"अहो, तुम्हाला कसं ठाऊक असणार, त्यांना दोरा म्हणायचा होता ते," ती हळूच म्हणाली. "दोन्हींना सूतच म्हणतात."

"ठाऊक होतं." आवाज अगदी साधा. "चिंधी कधी इंचाचा आठवा हिस्सा जाड असते का गं? साचा कापतानाच कळलं होतं मला, गोळी खुळखुळणार. एक फोन करायचा होता. म्हटलं, नेहमी मोठेपणा मिरवतो, पडू दे एकदा तोंडावर."

सहा वर्षं सुनेत्रानं ह्याच माणसाची बाजू घेतली होती. जावेशी फोनवर तिरकससुद्धा बोलली होती.

निशिकांत चपला शोधू लागला. "बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा झालीय," काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला. "परवाना काकांच्या नावावर होता ना."

"लोक अजून म्हणतात? ओकाऱ्या?" पद्माकरांनी विचारलं.

निशिकांत घुटमळला. "पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला, तेव्हा कोणीतरी म्हणालं. हळूच."

पद्माकरांनी दोरा पुन्हा पुठ्ठ्यावर गुंडाळला, एकेक वेढा नीट दाबून.

"दसऱ्याला गावी जाशील ना?"

"जाईन."

"मग देवळासमोर सगळे जमले की एवढं सांग. माप दादानं बरोबर दिलं होतं. गोळी मी मुद्दाम लहान केली."