चुलीवरच्या माळ्यावरचा कॉम्प्युटर

जव्हारच्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळणारी जयवंती भोये बिघडलेल्या यंत्राला आधी शिव्या घालते, मग हात लावते. प्रिंटर अडला की ती त्याला "मेल्या, खातोस ना कागद, मग ओक की आता" म्हणते, आणि गंमत म्हणजे तो ओकतोसुद्धा. पोरं तिला टरकून असतात, प्राचार्यसुद्धा थोडे टरकूनच असतात. पण कुणाचा कॉम्प्युटर बिघडला आणि जयवंती नाही म्हणाली, असं कधी झालं नाही. राग तिच्या नाकावर असतो, पण तिथून तो खाली मनात काही उतरत नाही.

होळी होऊन गेली होती. एका सकाळी तिला पुष्पाचा फोन आला. पुष्पा म्हणजे आश्रमशाळेतली तिची मैत्रीण, एका चादरीत दोघी झोपलेल्या. आता ती खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते.

"जयू, आमच्या कॉम्प्युटरला काय झालंय बघ ना. चालू होतो, जोरात घरघरतो, आणि जरा वेळात मरतो."

"वायरस असेल. तुझा नवरा नको नको ते सिनेमे उतरवतो ना!"

"सिनेमे कसले गं? आमच्याकडे नेट येतं कुठं? तू ये ना. आई आता म्हणायला लागल्यात, राहू दे, माझ्या नशिबात नाय. म्हातारी बाई अशी बोलली की मला सहन होत नाही."

आई म्हणजे पुष्पाची सासू, रंगू. आणि तिच्या नशिबात काय नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मोखाड्याकडे उन्हाळ्यात देवीचा बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून गावकरी संबळाच्या तालावर नाचतात, त्याला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं आणायचं हे ठरलेलं. पुष्पाच्या सासऱ्याच्या, पुंजाच्या घराण्याकडे त्राटिकेचं सोंग. आणि त्या घराण्याची एक रीत अशी, की सोंगाच्या रात्री मुखवटा घराबाहेर पडला की घरच्या बाईनं तो परत येईपर्यंत दिव्यापाशी बसायचं. दिवा विझता कामा नये. रंगू लग्न होऊन आली ती त्या दिव्यापाशी बसली, ती बसलीच. अख्खा मोखाडा तालुका पुंजाची त्राटिका बघायला लोटायचा, वाहवा करायचा, आणि त्याच्या बायकोनं त्याचा एक पाय हललेला पाहिला नव्हता!

मागच्या वर्षी पुंजाचे गुडघे गेले. यंदा सोंग मुलाचं, जिवाचं. म्हणजे दिव्यापाशी पुष्पा बसणार आणि रंगू बोहाडा बघायला मोकळी. मोकळी झाली कधी, तर म्हातारा नाचायचा थांबल्यावर. याला काय म्हणावं!

बापाचं शेवटचं सोंग जिवानं मोबाइलवर टिपलं होतं. रंगूला त्या टीचभर काचेत काही दिसेना, म्हणून नाशिकच्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यानं जुना कॉम्प्युटर आणला आणि व्हिडिओ त्यात टाकला. सवडीनं दाखवू म्हणेपर्यंत वादळात गावची डीपी उडाली. सगळा पावसाळा पाडा अंधारात. त्यातच जिवाचा मोबाइल नदी ओलांडताना वाहून गेला. आता जे काय होतं ते त्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि तो कॉम्प्युटर असा द्वाड, की व्हिडिओ लावावा, संबळ वाजायला लागावा, लोकांची गर्दी दिसावी, आणि त्राटिका पुढं यायच्या आत पडदा काळा! एकदा नाही, दर वेळी. रंगूनं मनाशी पक्कं केलं होतं, की ही देवीच आडवी येते. दिव्यापाशी बसायचं सोडून जे बघू नये ते बघायला निघाले, म्हणून ती बघू देत नाही.

जयवंतीनं स्कूटीच्या डिकीत पेचकस, पेन ड्राइव्ह, पांढऱ्या पेस्टची ट्यूब कोंबली आणि रविवारी निघाली. वाटेवर मोहाच्या फुलांचा वास सुटला होता, बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. पुष्पाच्या अंगणात पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. जिवा मुखवटा रंगवून घ्यायला गावात गेलेला. ओट्यावर पुंजा गुडघ्यांना तेल चोळत बसला होता.

"आलीस का?" एवढंच म्हणाला. पुंजाचं बोलणं म्हणजे तेवढंच. वर्षातून चार वाक्यं बोलला तर पुष्पा म्हणते, आज बाबा फार बोलले.

"बाबा, तुमची त्राटिका कॉम्प्युटरमध्ये अडकलीय म्हणे. सोडवायला आले." पुंजानं हसल्यासारखं केलं आणि परत तेल.

आत रंगूनं नागलीची भाकर आणि उडदाचं पिठलं पुढं केलं. "आधी खा. त्याला काय, तो मेलेलाच आहे."

जयवंतीनं खाता खाता कॉम्प्युटर चालू केला. घरघर सुरू झाली. संबळ वाजला. मशाली दिसल्या. आणि फट्! काळोख.

रंगूनं लगेच हात जोडले. "बघितलंस? राहू दे बाय. उगाच तुझ्यावर काही यायचं."

"माझ्यावर काय यायचंय? मीच येते याच्यावर!" जयवंती हात धुऊन बसली. वायरस शोधला, सापडला नाही. लाईट कमीजास्त होते का पाहिलं, तर बल्ब व्यवस्थित जळत होता. दुसरं बटण, दुसरी वायर, सगळं करून झालं. मग तिनं डब्याचे स्क्रू काढले, झाकण ओढलं आणि किंचाळलीच.

"अगं बाई! पुष्पे, हा कॉम्प्युटर तुम्ही चुलीत घातला होता काय?"

आत सगळं काळंकुट्ट. तव्याच्या बुडाला असते तशी काजळी, आणि तीही चिकट. पंख्याच्या पात्यांवर तिचे थर बसलेले. बिचारा पंखा फिरणार कसा आणि आतली धग बाहेर जाणार कशी? तापला की जीव वाचवायला कॉम्प्युटर आपला आपण बंद व्हायचा. पुष्पा तोंडाला पदर लावून बघत राहिली.

मागून रंगूचा आवाज आला. "चुलीत नाय. चुलीवर."

"म्हणजे?"

रंगूनं बोट वर केलं. चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा होता. त्यावर नागलीचं बियाणं, काकडीच्या बियांची पुरचुंडी, सुके मासे, आणि कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवतात त्या मुखवट्याची मोकळी जागा.

"पावसात भिंतीला वाळवी चढली होती," रंगू सांगू लागली. "ओल तर अशी, की कांबळ्याला बुरशी आलेली. जिवा बोलला होता, बापाचं सोंग या डब्यात आहे. मग सोंगाची जागा कुठली? मुखवटा तिथंच असतो. माझ्या सासूच्या सासूनं ठेवलेला, अजून त्याला कीड नाय लागली. बियाणाला नाय लागत. धूर लागला की काय बिघडतंय? मीच चढवला वर. सगळा पावसाळा दोन्ही वेळ चांगला धूर केला, ओली लाकडं घालून."

जयवंतीनं तोंड उघडलं होतं, चांगलं झाडायला. एरवी लॅबमध्ये कुणी चहाचा कप कॉम्प्युटरजवळ नेला तरी ती त्याच्या सात पिढ्या काढते. पण इथं गोष्टच निराळी. या बाईनं घरातली सगळ्यात मोलाची जागा त्या डब्याला दिली होती. ओली लाकडं घालून डोळे चोळत रोज त्याला जपलं होतं. हिला काय बोलणार, कपाळ! जयवंतीला हसू यायला लागलं. आधी फसकन, मग पोट धरून. पुष्पाही सुटली. ओट्यावरून पुंजानं मान आत घातली, काय झालं बघायला.

रंगू मात्र हसली नाही. "म्हणजे मीच मारला काय त्याला?"

जयवंतीनं हसू आवरलं आणि तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, मेला नाही अजून. आणि ऐका, देवीनं नाही अडवलं तुम्हाला. काजळीनं अडवलं. काजळी मी काढते."

"देवीनं नाय?"

"नाय!"

रंगूनं मोठा श्वास सोडला. मग एकदम कमरेला पदर खोचला. "काजळीच ना? मग सरक. राख लावून घासते. तवा निघतो तसा निघेल."

"मावशी! हात नका लावू!" जयवंती डब्यावर आडवीच पडली.

मग घर कामाला लागलं. मुखवटा रंगवायला आणलेला एक नवा ब्रश मागं राहिला होता, तो जयवंतीनं घेतला. पुंजाच्या सायकलचा पंप आला आणि पंप मारायला खुद्द पुंजा बसला. ती ब्रशनं काजळी सोडवायची आणि "मारा बाबा!" म्हणायची. पुंजा फुस्स करून हवा सोडायचा आणि काळा ढग पुष्पाच्या तोंडावर. पुष्पा ओरडली की म्हातारा मुद्दाम आणखी एक मारायचा. जयवंतीनं पंखा काढून एकेक पातं पुसलं, त्याखालची, चिपची धग ओढून घेणारी पण वाळून दगड झालेली पेस्ट खरवडली, नवी लावली. तिघांची तोंडं अशी झाली, की बोहाड्यात मुखवट्यावाचून सोडलं असतं तरी चाललं असतं.

सगळं जोडून जयवंतीनं बटण दाबलं. काही नाही. आवाज नाही, उजेड नाही.

रंगूनं कुणाकडेच पाहिलं नाही, ती नुसती चुलीकडं तोंड करून बसली. यंत्रं तिनं पुष्कळ पाहिली होती, पण हे एक मेलं, तर त्यातल्या सोंगाची दुसरी प्रत जगात कुठंच नव्हती.

"मेल्या," ती डब्याच्या कानाशी लागल्यासारखी हळू म्हणाली, "आज नाटकं करू नकोस रे. आज नको." मग तिनं मेमरीची पट्टी उपसली. "पुष्पे, खोडरबर!"

अंगणवाडीच्या पिशवीतून रबर निघालं. पट्टीचे काजळलेले पिवळे दात तिनं शाळेतली चूक खोडावी तसे घासले, पट्टी परत दाबून बसवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. घरघर नाही, नुसती हलकी झुळूक. पडदा उजळला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"मी गुरं बघून येतो," पुंजा उठायला लागला.

"कसली गुरं? दावणीला बांधलीत," पुष्पा म्हणाली. तरी तो दारापर्यंत गेला आणि तिथं चौकटीला टेकून पाठ करून उभा राहिला. लाजला होता म्हातारा!

व्हिडिओ सुरू झाला. संबळ. मशाली. गर्दी. जिथं दर वेळी अंधार व्हायचा ती जागा आली, आणि गेली. गर्दी दुभंगली आणि त्राटिका आली. केस मोकळे, लाल जीभ, कमरेला झटका देत, डावा पाय आपटत, पोरांच्या अंगावर धावून जात. बायका किंचाळत मागं सरत होत्या. मध्येच ती थबकली, गर्रकन वळली, आणि दोन्ही हात पसरून अशी काही झुलली, की जयवंतीच्या अंगावर काटाच आला.

रंगू पडद्याला नाक लावून बघत होती. आधी तिनं तोंडावर हात घेतला. मग हसायला लागली. हसता हसता डोळे भरून वाहायला लागले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"आगं माझे आये! हा आमचा? घरात हा मीठसुद्धा मागत नाय! सकाळी घरी यायचा, मी विचारायची, कसं झालं रं? तर म्हणायचा, काय नाय, जरा पाय हलवले. हे पाय हलवले?"

व्हिडिओ संपला. रंगू उठली आणि दारापाशी गेली. पुंजाची पाठ तशीच होती.

"मला का नाय सांगितलंस रं?"

पुंजानं हाताची काजळी चौकटीला पुसली. मग म्हणाला, "तू दिव्यापाशी बसलेली असायचीस. तू जागी आहेस हे माहीत असायचं, म्हणून नाचता यायचं. हे कसं सांगायचं असतं?"

जयवंतीनं पेचकस हातात घेतला आणि उगाचच एक घट्ट स्क्रू आणखी घट्ट करत बसली.

"मग आता नाच," रंगू म्हणाली.

"गुडघे?"

"मी धरते की."

आणि पुंजानं वळून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्पानं व्हिडिओ परत सुरुवातीला नेला, आवाज वाढवला. संबळ वाजू लागला. काजळीनं माखलेल्या तोंडाचा म्हातारा शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर, भर दुपारी, मुखवट्याशिवाय, डावा पाय आपटत नाचू लागला. फार नाही, चार पावलं. रंगूनं त्याला घट्ट धरलं होतं आणि त्याच्या तोंडावरून नजर काढत नव्हती.

"इकडं काय बघतेस?" जयवंती पुष्पावर खेकसली. "चहा ठेव. आणि माझ्या तोंडाला ही काजळी लागलीय ती कशानं निघेल, ते बघ."