तिसऱ्या आठवड्यातलं डाळीचं पाणी

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झालेले. मी फक्त गाळलेलं डाळीचं पाणी आणि पातळ ताक पीत होतो, तरी चार दिवस वजन जागचं हललं नव्हतं. आधी मला घरच्या काट्याचा संशय आला, म्हणून खाली केमिस्टकडे वजन केलं. तेवढंच भरलं. मग आईचा संशय आला. आमच्या डोंबिवलीच्या घरात डाळीचं पाणी तीच करायची आणि गाळताना माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी वाटी खिडकीपाशी नेऊन निरखायचो.

"काय शोधतोयस?"

"काही नाही."

शेवटी ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. आई सोबत होती. डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांचं वजन थांबतं. उतरेल." आईवर संशय घेतल्याची मला लाज वाटली. तेवढ्यात तिनेच हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, अर्धा चमचा तुपाने काही होतं का हो? याच्या अंगात ताकदच दिसत नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून डाळीचं पाणी मी स्वतः गाळायला लागलो. आई दारात उभी राहायची, मी ते बेसिनमध्ये ओतत तर नाही ना, हे बघायला.