तपासलेलं औषध

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत बहिणीच्या उशाशी बसून मी शेजारच्या खाटेकडे बघत होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाबांना न्यूमोनिया झाला होता. ते ग्लानीत होते आणि सलाईनमधून औषध थेंब थेंब उतरत होतं.

तेवढ्यात संशोधन करणारी एक तरुण डॉक्टर आली. न्यूमोनियाच्या जंतूंवर नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात बाबांना घेऊ का, असं तिनं त्यांच्या मुलाला शांतपणे विचारलं. कडक इस्त्रीतला तो गृहस्थ उसळलाच.

"आमचे बाबा काय उंदीर वाटले? असल्या कामाला खाली जनरल वॉर्ड आहे ना!"

नाही म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क होता. मला किळस आली ती त्या 'खाली'ची. बाबांच्या सलाईनमधलं ते औषध पहिल्यांदा कुणाला तरी टोचलं गेलं असेल, तेव्हा गुण येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसेल. त्याच्याही उशाशी कुणीतरी जीव मुठीत धरून बसलं असेल. अशा अनोळखी माणसांच्या जिवावर बरं व्हायचं आणि त्यांनाच उंदीर म्हणायचं! दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवण ओरपताना धुराला नाक मुरडणारी ही जात.

डॉक्टर निघून गेली. नर्सनं नवी बाटली अडकवली. गृहस्थानं चष्मा सावरून बाटलीवरचं नाव वाचलं.

"सिस्टर, हे माणसांवर नीट तपासलेलं आहे ना?"

"हो."

"मग हरकत नाही," तो म्हणाला आणि निवांत खुर्चीत टेकला.

कुठल्या माणसांवर, हे त्यानं विचारलं नाही.