तिसरं काय होतं

बायको गेली त्याच्या अकरा दिवस आधी तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन मला आठवतात.

बडोद्यात तरसालीच्या घरात मागच्या खोलीत तिची खाट होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता आणि आम्ही त्यावर बोलत नव्हतो. दुपारी कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. ती म्हणायची, "पाळी सुटली," मी म्हणायचो, "हो." सुटणारे ते बाहेरचे. आम्ही दोघं तिथंच.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, लिहून घ्या. मी गेल्यावर लेकीला पाठवा."

मी कागद शोधू लागलो.

"कागद नको. तुम्ही तो कुठल्यातरी पुस्तकात जपून ठेवाल आणि तिला मिळायला वर्ष लागेल. फोनवर लिहा."

काचेवर बोट फिरवायचा तो फोन लेकीनंच परदेशातून येताना आणला होता. स्वस्तातला. त्यात मराठी अक्षरं आणि लिहायला एक वहीही तिनंच घालून दिली होती. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस. एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायचो.

"कोंबडी दाणे टिपते तसं चाललंय तुमचं," ती म्हणाली.

पहिलं, शिवणाचं मशीन वाघोडियाच्या तिच्या मावसबहिणीला द्यायचं. दुसरं, "तुळशीला हळूहळू पाणी घाला. बादली ओतू नका." हे लेकीसाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं. 'हळूहळू'मधला ळ मला सापडेना. मी तो शोधत होतो तेवढ्यात ती तिसरं सांगू लागली. तिचा आवाज खाली आला होता. चारपाच वाक्यं असतील. मी खाली मान घालून एकेक शब्द उतरवत गेलो. काय लिहितो आहे ते नंतर वाचता येईलच, असं मनात होतं.

मग ती म्हणाली, "तिचा शाळेतला फोटो आहे ना ह्यात? दाखवा."

पुस्तकात बोट ठेवून माणूस दाराकडे बघतो, तसा मी लिहिलेलं मागे ठेवून फोटो उघडले. बरेच चाळले. तेवढ्यात लेकीचाच फोन आला. दोघी बोलल्या. बायको एकदा हसलीसुद्धा. मग मी वहीवर परत आलो, तर पान कोरं. वरच्या कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती.

"सगळं आलं ना?" तिनं विचारलं.

"आलं."

"तिसरं नीट लिहिलंत?"

"लिहिलं."

"झालं मग," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. कितीतरी दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथली मुलगी मोबाइलसाठी प्रोग्रॅम लिहायची. वाढलेली बडोद्यातच, त्यामुळे घाईत तिच्या तोंडी गुजराती यायचं.

"लावो काका, जोऊं," तिनं फोन घेतला. बराच वेळ बघून तिनं तो परत दिला. "नाही मिळणार. 'सेव्ह' दाबलं नव्हतं ना?"

"पण फोनमध्ये जागा आहे. फोटो सगळे आहेत."

"ती कपाटातली जागा, काका. ही टेबलावरची. ह्या फोनचं टेबल अगदी लहान आहे. भरलं की फोन मागचं एकेक बंद करत जातो. तुमच्या समोर जे उघडं असतं त्याला सहसा हात लावत नाही. मागे पडलेलं आधी जातं."

"विचारत नाही?"

"विचारायलासुद्धा टेबलावर जागा लागते. म्हणून आम्हाला सांगून ठेवलेलं असतं: पडद्यावरून बाजूला झालात की लगेच आपलं लिहून ठेवा, परत बोलावणं येईलच असं नाही. ही वही ज्यानं केली त्यानं ते केलं नाही."

"कशानं गेलं? फोटोंनी की फोन आला म्हणून?"

"ते आता कळणार नाही." मग म्हणाली, "काकूंना परत विचारा ना. अजून आहेत तर."

ती अजून दहा दिवस होती. खोटं बोललो नसतो तर पहिल्याच मिनिटाला विचारता आलं असतं. आता विचारायचं म्हणजे तिची ती झोप काढून घ्यायची. मी रोज ठरवायचो आणि औषध देऊन बाहेर यायचो. चौथ्या दिवशी आडून विचारलं, "तिसऱ्यात आणखी काही घालायचं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "एकदाच बोलता आलं मला ते. परत नका बोलायला लावू."

त्यानंतर विचारायला वाटच उरली नाही. शेवटचे दोन दिवस ती बोललीच नाही.

दहाव्याला आम्ही नर्मदेकाठी चांदोदला गेलो. लेक आली होती. पिंड मांडले, सगळे मागे सरकले. कावळे झाडावर होते, एकही खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला. करतो म्हणून सांगा."

मशीन देतो म्हणालो. तुळस सांभाळतो म्हणालो. कावळे बसून राहिले.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. फोनवर लिहून घेतलं. माझ्याकडून पुसलं गेलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन हात जोडले. "आई, जे काय असेल ते मी करीन."

काय ते माहीत नसताना तिनं शब्द दिला. तरी कावळा उतरला नाही. आणखी अर्धा तास थांबून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "आईनं हे कधी सांगितलं? मी फोन केला त्या दुपारी?"

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी."

ती खिडकीबाहेर बघू लागली. घरी पोचल्यावर मी तुळशीला पाणी घातलं. तांब्यानं, थांबून थांबून.

लेक मराठी वाचते. हे लिहिलेलं तिच्या हाती पडेल, गाडीतलं खोटंही. 'सेव्ह' मी दाबलं नव्हतं आणि ऐकलंही मी नव्हतं. मधे आला तो फोन तिचा होता एवढंच. आणि त्या दुपारी तिची आई हसली ती त्याच फोनवर. त्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नाही.