घडाखालचा हात

आमच्याकडे केळीचा घड चांगला भरला की त्याच्या शेजारी कुणाला तरी उभं करून फोटो काढतात. नुसत्या घडाच्या फोटोवरून तो केवढा आहे ते कळत नाही. बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या फोपनारला निम्म्या गावाच्या मोबाइलमध्ये असे फोटो सापडतील. आमच्या घरी उभं राहायचं काम बायकोचं. ती ठेंगणी. "मी बुटकी आहे म्हणून तुमचा घड मोठा दिसते," असं ती दर वर्षी मला चिडवायची आणि घडाला खालून तळहात लावून मोकळं हसायची.

दोन वर्षांपूर्वीचा घड तिच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आला होता. तो फोटो मी केळीवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. आपल्याकडचे, जळगावकडचे, पार गुजरातेतले शेतकरी त्यात आहेत, आणि मला मिरवायचं होतं. तासाभरात कौतुक सुरू झालं. मग एकाने हिंदीत लिहिलं, "भाई, केला बढ़िया, पर ये काली बिजूका क्यों खड़ी कर दी?" बिजूका म्हणजे बुजगावणं. त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसरा तिच्या दातांवर घसरला. तिसऱ्याने विचारलं, घड घेतला तर ही सोबत फुकट का? त्याला लाइक देणाऱ्यांत आमच्या ओळखीचे दोघे होते.

मी तापट माणूस. लाइनमनशी, बांधावरून शेजाऱ्याशी, एकदा तर बुऱ्हाणपूरच्या भर बाजारात पाइपवाल्याशी भांडलेलो. त्या दिवशी मात्र बागेत उकिडवा बसून मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा पुसलं. खरं सांगायचं तर मला घडाचं कौतुक सोडवत नव्हतं. भांडण पेटलं असतं तर घड बाजूलाच राहिला असता. शेवटी मी ती पोस्ट काढून टाकली, फोटोतून बायकोला कापलं आणि घड पुन्हा टाकला. घडाखालचा तिचा हात तेवढा निघेना. तो कापला तर खालच्या दोन फण्या जात होत्या. हिरव्या बांगड्यांसकट तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "फोटोवर काय म्हणतेत लोक?"

"घड एक नंबर म्हणतात," मी मान वर न करता म्हणालो.

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. "मी दुपारीच वाचलं सगळं. पोरीनं फेसबुक लावून दिलंय ना मले." मग म्हणाली, "ते लोक तर परके. तुमी काय लिहिता, ते मी पाहत होती. मंग पुन्हा पाहिलं, तर मीच नाही."

मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी तिच्यावरच ओरडलो. तुला मोबाइल पाहायला कुणी सांगितलं होतं, असं काहीतरी बोललो. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं ताट उचलून आत नेलं.

यंदा पुन्हा तसाच घड भरला. मी बायकोला हाक मारली. ती आली. झाडांना टेकू द्यायचे बांबू बांधावर पडले होते, त्यातला एक उचलून तिने घडाशेजारी उभा केला. "याच्यासोबत काढा. याले कोणी काही नाही म्हणत," एवढं बोलून ती गवत उपटायला निघून गेली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मोबाइल हातात धरून तिथेच उभा राहिलो. त्या लोकांना काय लिहायला हवं होतं, ते आता मला धडाधड सुचतं. पण ती पोस्ट मीच काढून टाकली. मूळ फोटोही राहिला नाही, घाईत मी कापलेलाच त्याच्यावर सेव्ह केला होता. त्यानंतर ती कुठल्याच फोटोत हसलेली नाही. त्या दिवशीच्या तिच्यातला माझ्याकडे फक्त तो हात आहे, अजून माझा घड उचलून धरलेला.