शमुवेलमामांचे कान

गाडी समोर आली की शमुवेलमामा आधी डोळे मिटायचे. पाना उचलायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. इंजिन चालू ठेवायला सांगायचे, डावा खांदा गाडीकडे करून उभे राहायचे आणि दोन-तीन मिनिटं हलायचे नाहीत. गाडीवाला तक्रार सांगायला लागला तर म्हणायचे, "तुम्ही थांबा. आधी तिला बोलू द्या. इंजिन खोटं बोलत न्हाई, ड्रायव्हर बोलतो." शिरूरच्या मार्केट यार्डामागं त्यांचं एका शटरचं गॅरेज होतं. भिंतीवर येशूचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर. रविवारी शटर बंद, मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती दोन-तीन मिनिटंही मला सोसवत नव्हती. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसला शिरूरात जागा नव्हती, दौंडच्या एका दवाखान्यात मिळाली. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला की मशीनची वेळ कापली जायची. परतताना ती मागच्या सीटवर आडवी पडून यायची, त्यामुळे एसटीचा प्रश्न नव्हता. भाड्याच्या गाडीवाल्यानं दोनदा ऐनवेळी फोन उचलला नव्हता. राहिली माझी वीस वर्षांची पेट्रोलची व्हॅन, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली.

ती व्हॅन शिरूरात शहाण्यासारखी वागायची. न्हावरं मागं पडलं, इंजिन चांगलं तापलं, की आपोआप रेस व्हायची. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन किंचाळत राहायचं आणि गाडी पुढं ओढायची. एका शुक्रवारी उसाच्या ट्रॉलीच्या मागं जेमतेम हातभर अंतरावर ती थांबली. सुनंदा मागून शांतपणे म्हणाली, "मी गेले तर गेले. पण माझ्यापायी दुसऱ्या कुणाला मारू नका."

तीन मेकॅनिक झाले होते. तिघांनीही स्क्रू पिळून रेस कमी करून दिली. मग सकाळी थंडीत गाडी सुरूच राहीना आणि न्हावऱ्याच्या पुढं किंचाळणं होतं तसंच. हे ऐकून मामा म्हणाले, "स्क्रू पिळल्यानं दुखणं जात न्हाई सर, नुसतं गप बसतं." मी शाळेत शिकवायचो म्हणून मी सर आणि सुनंदा ताई.

मामांनी व्हॅन दिवसभर ठेवून घेतली. गॅरेजात तापवून पाहिली, गावातून फिरवून आणली. काहीच नाही. संध्याकाळी म्हणाले, "हितं ती तशी तापतच न्हाई. शुक्रवारी मी येतो तुमच्यासंगं. जिथं बिघडती तिथंच बघू."

शुक्रवारी शटर न उघडता ते आमच्याबरोबर निघाले. न्हावऱ्याच्या पुढं व्हॅन किंचाळायला लागली. मी ती बाजूला घेतली. सुनंदाला मागं बसवलेलं होतंच, मामांनी पुढची सीट उचलली आणि डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ गेला. "कुठून तरी हवा चोरतंय," ते म्हणाले. "कारबोरेटरमधनं जायची ती हवा सोडून दुसरीकडनं घेतंय. पण कुठनं?" ते त्यांना सापडलं नाही. तशीच गाडी रेटत दौंड गाठलं तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. सुनंदाचा एक तास कापला गेला. मामा दवाखान्याच्या बाकावर नवा करार उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते.

मंगळवारपर्यंत सुनंदाच्या पायांवर सूज चढली. उशीला टेकलं की तिला धाप लागायची. त्या दिवशी न निघणं शक्यच नव्हतं. मामा पुन्हा आले. न्हावऱ्याच्या पुढं पुन्हा तेच. एका लिंबाच्या सावलीत थांबलो. मामा एकेक रबरी नळी चिमटीत दाबून पाहत होते. आवाजात काही फरक पडत नव्हता. घड्याळात दहा वाजून गेले होते. मागं सुनंदाचा श्वास मला ऐकू येत होता, चढणीवर चालल्यासारखा.

माझा तोल गेला. मामांच्या उजव्या बाजूला उभा राहून मी म्हणालो, "मामा, जमत नसेल तर तसं सांगा. ती मरतेय तिकडं."

मामांनी मान वर केली नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. ते नळ्या दाबतच राहिले.

"अहो, ओरडू नका," सुनंदा म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाहीये."

ती सीटला धरून पुढं सरकली आणि तिनं मामांच्या खांद्याला हात लावला. मामांनी दचकून पाहिलं. त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "मामा, बारीक शिट्टी वाजतीय. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तशी. तिथून, खालून."

मामा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मग म्हणाले, "ताई, पाणी द्या. आन् दवाखान्याच्या पिशवीत बिनसुईची सिरिंज आसंल तर ती बी."

सुनंदा बोटानं दाखवत गेली, मामा थेंब थेंब पाणी सोडत गेले. कारबोरेटरच्या बुडाशी, मागच्या कडेला थेंब पडले आणि पाणी आत ओढलं गेलं. तेवढ्यापुरतं इंजिन एकदम खाली आलं, मग पुन्हा चढलं. हा फरक मामांच्या हाताला कळला, दुसरा तळवा इंजिनाशेजारच्या पत्र्यावर होता. "सापडलं," ते म्हणाले. कारबोरेटरखालच्या सांध्यातलं पातळ अस्तर, गॅसकेट, चिरलं होतं. गार असताना चीर मिटलेली असायची, तापल्यावर उघडायची.

इंजिन गार व्हायला वेळ नव्हता. मामांनी तशाच गरम इंजिनावरून कारबोरेटर सोडवला, बरोबर आणलेल्या शीटमधून हातोडीनं ठोकत नवं गॅसकेट कापलं आणि बसवलं. दोन बोटं पोळली. मी गाडी सुरू केली. मामांनी सुनंदाकडे पाहिलं. "गेली शिट्टी," ती म्हणाली.

अकरा वीसला आम्ही दवाखान्यात होतो. तिला मशीन लागली, पूर्ण वेळ.

बाकावर मामा पोळलेली बोटं ओल्या रुमालात धरून बसले होते. "उजवा कान दोन वर्सांपासनं बंद हाय," ते म्हणाले. "डावाबी चाललाय. लोकांना कळलं तर गाडी कोण आणंल सर? म्हणून गप राहिलो. आज माझ्या लपवालपवीत ताईंचा जीव गेला आसता."

मशीन सुटल्यावर मी ते सुनंदाला सांगितलं. उत्तर सुनंदानं परतताना दिलं. "मामा, घरी पडून पडून मी छताचे पोपडे मोजते. दवाखाना नसेल त्या दिवशी गॅरेजात येऊन बसते. तुमचे हात, माझे कान."

आठ महिने ती जात राहिली. मामांच्या डाव्या बाजूला खुर्चीवर बसायची. गाडीवाल्यांना ती मामांची कुणी नातेवाईक वाटायची. मामा डोळे मिटायचे आणि ती हळूच सांगायची, "बेल्ट ओरडतोय," "जात्यात खडा आल्यासारखं वाजतंय." जात्यातला खडा ऐकला की मामा म्हणायचे, "बेअरिंग." घरी आली की तेच आवाज ती मला शिकवायची. आजारी पडल्यापासून तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं, "बरं वाटतंय का" सोडून. इथं माणसं तिच्या शब्दावर थांबत होती, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. आणि शिरूरात मामांच्या कानाचं नाव पूर्वीपेक्षा जास्त झालं.

दिवाळीच्या आधी सुनंदाला जंतुसंसर्ग झाला आणि आठवड्यात ती गेली. घोडनदीच्या काठी मामा सगळ्यांच्या मागं उभे होते.

तेराव्यानंतर मी गॅरेजवर गेलो. एक पिकअपवाला इंजिन चालू ठेवून थांबला होता. मामांनी डोळे मिटले. मग उघडले.

"मला ऐकू येत न्हाई," ते त्याला म्हणाले. "गाडी दुसरीकडं न्या."

तो हसला. "मामा, थट्टा करता का? सगळं शिरूर तुमच्या कानाचं नाव काढतं."

"ते कान माझं न्हवतं. हितं बाई बसायच्या, त्यांचं हुतं. आठ महिने लोकांनी शाबासकी मला दिली आन् मी ती घेतली. त्या होत्या तवाच चारचौघांत सांगायला पायजे हुतं, ते न्हाई केलं मी."

पिकअपवाल्यानं इंजिन बंद केलं. "कोण होत्या त्या?" त्यानं विचारलं.

मामांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि सुनंदाचं पूर्ण नाव सांगितलं, माझ्या आडनावासकट, सावकाश, त्याच्या लक्षात राहील अशा बेतानं.